बोअरची मोटार वर काढण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : घरगुती बोअर व विहिरींच्या पंपांचा मध्येच तुटणारा पाणीपुरवठा

महोदय,

उन्हाळ्याची चाहूल लागली की आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या सदरात पाण्याची पत्रे येऊ लागतात आणि ती बहुतेक उजनी धरणातील साठा, जलवाहिनीची गळती आणि महापालिकेचे लांबलेले वेळापत्रक यांविषयी असतात. ते योग्यच आहे. परंतु काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या या शहरात मधले दिवस निभावून नेतो तो घरचा किंवा सोसायटीचा बोअर. त्याचा पंप पुरता बंद न पडता अधूनमधून पाणी देईनासा झाला, तर त्यापायी सोलापूरकर जो खर्च करतात त्यातला बराचसा अनाठायी असतो, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. एका सूतगिरणीच्या विद्युत विभागात माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर शेजारपाजारच्या पंपांच्या तक्रारी पाहण्याची सवय जडली, म्हणून हे पत्र.

सर्वसाधारण घटनाक्रम असा असतो. सकाळी पंप चालू केला, टाकी अर्धी भरली आणि पाणी थांबले. थोड्या वेळाने खटका दाबला तर पंप पुन्हा चालू. दोन दिवस ठीक गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मिस्त्री येतो, पॅनेलचे, म्हणजे पंपाच्या खटक्याच्या पेटीचे झाकणही न उघडता 'मोटार गेली' म्हणतो, कप्पी लागते, अडीचशे फूट पाइप, दोर आणि केबल अंगणात आडवी पडते आणि मोटार दुकानात जाते. तिथे वायंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेटोळे, नव्याने भरले जाते किंवा नुसते बुश बदलले जातात, आणि मोटार परत खाली उतरते. मग पंप छान चालतो. येथे फसगत होते ती अशी, की मोटार बाहेर असलेल्या दोन-तीन दिवसांत बोअरमधून थेंबभरही उपसा झालेला नसतो, त्यामुळे तो काठोकाठ भरलेला असतो. दुरुस्ती कोणतीही केली असती, किंवा मुळीच केली नसती, तरी पहिले काही दिवस पाणी भरपूरच आले असते. आठवडाभराने दुखणे परत आले की निदान बदलते : 'बोअर आटला, नवा मारा.' मग पाणाड्या येतो, नारळ फुटतो आणि जुन्या बोअरपासून वीस फुटांवर नवे भोक पडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार.

पंप कायमचा बंद पडला तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते, कारण दोष जागेवर हजर असतो. अधूनमधून बंद पडणाऱ्या पंपाचे तसे नसते. मिस्त्री दारात उभा राहतो तेव्हा तो हमखास सुरळीत चालतो. म्हणून अशा पंपाची पहिली तपासणी मिस्त्रीने नव्हे, घरातल्या माणसांनी करायची असते, आणि तिला हत्यार लागत नाही. दुधाचा हिशेब ज्या दिनदर्शिकेवर लिहितो तिच्यावरच चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : पंप किती वाजता थांबला, चालू केल्यापासून किती मिनिटांनी थांबला, थांबण्याच्या आधी पॅनेलवरील अँपियरचा, म्हणजे विजेच्या प्रवाहाचा काटा चढला की उतरला, आणि किती वेळाने पुन्हा चालू झाला. पंधरवड्यात त्या नोंदींतून एक धागा दिसू लागतो, आणि पुढचे जवळजवळ सगळे निदान त्या धाग्यावर उभे असते.

समजा असे दिसले की पंप दर वेळी साधारण तेवढाच वेळ, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे चालतो, मग नळातून पाण्याबरोबर हवा फुसफुसत येते, काटा हळूहळू खाली उतरतो आणि त्यानंतर पाणी तुटते. तासा-दीड तासाने चालू केला की पुन्हा वीस मिनिटे उत्तम चालतो. हा मोटारीचा दोष नाही. बोअरमध्ये जेवढे पाणी येते त्याहून आपण अधिक वेगाने ते ओढत आहोत, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि आपल्या जिल्ह्यात हे वारंवार का घडते ते समजून घेण्यासारखे आहे.

सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर बसलेला आहे. या खडकात वाळूतल्यासारखे सर्वत्र पाणी मुरलेले नसते. वरच्या मुरमात आणि खालच्या खडकातील भेगा-सांध्यांत ते साठते आणि तेथूनच वाहते. बोअरला पाणी लागले, याचा अर्थ छेद घेताना अशी एखादी भेग कापली गेली. त्या भेगेतून मिनिटाला जेवढे पाणी येईल तेवढी बोअरची खरी आवक. बाकी पंप चालू करण्याच्या क्षणी भोकात उभे असलेले पाणी ही नुसती साठवण. साडेसहा इंची बोअरच्या एका फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावते, साडेचार इंचीत तीन लिटरच्या थोडे वर. आता साडेसहा इंची बोअरमध्ये मोटारीच्या वर शंभर फूट पाणी उभे आहे असे धरा, म्हणजे साठवण 650 लिटर. पंप मिनिटाला 40 लिटर ओढतो आणि भेगेतून मिनिटाला 10 लिटर येते, म्हणजे साठवणीतून दर मिनिटाला 30 लिटर कमी होतात आणि एकवीस-बावीस मिनिटांत पंप कोरडा होतो. तेच 650 लिटर पुन्हा साठायला 65 मिनिटे लागतात, प्रत्यक्षात पाणी वर चढत जाईल तशी आवक मंदावते म्हणून थोडी अधिकच. दिनदर्शिकेवरच्या नोंदी याच आकड्यांच्या आसपास घुटमळत असतील तर कोडे सुटले.

परंतु खरी गंमत पुढे आहे. मिनिटाला 10 लिटर ही आवक ऐकायला क्षुल्लक वाटते आणि मिस्त्री तिला 'करंगळीएवढे पाणी' म्हणून मोडीत काढतो. पण ती दिवसरात्र चालू राहिली तर चोवीस तासांत 14,400 लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटर हा मापदंड धरला तरी पाच माणसांच्या घराला 675 लिटर लागतात. म्हणजे ज्या बोअरला आपण आटला म्हणून निकालात काढायला निघालो होतो, तो वीस कुटुंबांना पुरेल एवढे पाणी देत असतो. फक्त ते एका दमात देत नाही. त्याच्यावर दोन एचपीची मोटार बसवणे हाच मुळात घोटाळा असतो. आपल्याकडे मोठी मोटार ही प्रतिष्ठेची बाब झाली आहे, आणि विकणाऱ्याला ती नको आहे असे थोडेच आहे.

आवक मोजण्याची रीत सोपी आहे. पंप चालवावा आणि पाणी तुटताच लगेच बंद करून घड्याळ पाहावे. सवा तास थांबून पुन्हा चालू करावा आणि पुन्हा तुटेपर्यंत आलेले पाणी दोनशे लिटरच्या पिंपाने किंवा टाकीतील पातळीवरून मोजावे. पहिल्यांदा पाणी तुटल्यापासून दुसऱ्यांदा तुटेपर्यंत समजा शंभर मिनिटे झाली आणि पाणी 1000 लिटर आले, तर आवक मिनिटाला 10 लिटर. या मोजणीत साठवणीचा गोंधळ राहत नाही, कारण दोन्ही वेळा पातळी मोटारीपर्यंतच उतरलेली असते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते; सोसायट्यांनी आपल्या बोअरची आवक याच चार महिन्यांत मोजून ठेवली, तर मे महिन्यात घबराट माजण्याचे कारण उरणार नाही.

'मोटार आणखी पन्नास फूट खाली सोडा' हा सल्ला याच हिशेबावर घासून पाहावा. पाणी लागले एकशेऐंशी फुटांवर आणि मोटार आधीच अडीचशे फुटांवर असेल, तर ती तीनशेवर नेल्याने भेगेतून येणारे पाणी वाढत नाही, कारण पातळी भेगेच्या खाली गेली की तेथून जास्तीत जास्त जेवढे यायचे तेवढे येतच असते. वाढते ती फक्त साठवण, पन्नास फुटांची सव्वातीनशे लिटर, म्हणजे पंप फार तर दहा-अकरा मिनिटे अधिक चालणार. त्याच्या मोबदल्यात पाइप, केबल आणि मोटारीवरचा बोजा वाढतो, आणि मोटार तळाशी टेकत आली तर गाळ ओढू लागते ते वेगळेच. याउलट टाइमर बसवून पंप वीस मिनिटे चालू आणि तासभर बंद असा ठेवणे, डिलिव्हरी पाइपवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळून ओढ कमी करणे, किंवा पुढच्या वेळी मोटार बदलायची झालीच तर लहान घेणे, हे उपाय स्वस्त आहेत. व्हॉल्व्ह पुरता बंद करून मात्र पंप चालवू नये, कारण सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटारीला थंड ठेवते ते तिच्या अंगावरून वाहणारे पाणीच. त्याच कारणाने ती कोरडी चालणे सर्वांत घातक असते. पाणी तुटून अँपियर घटले की पंप आपोआप बंद करणारे ड्राय रन संरक्षण पॅनेलमध्ये नसेल तर पहिला खर्च त्यावर करावा. ते बसवलेले असूनही 'सारखे बंद पडते' म्हणून मिस्त्रीकडून तोडून टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

आता दुसरा धागा. पंप कितीही वेळ चालला तरी चालतो, पण ठरावीक घटकेला, सकाळी सहा ते आठ किंवा संध्याकाळी, तो थांबतो किंवा उचलतच नाही. नुसता घूं असा आवाज येतो, काटा एकदम वर जातो आणि एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा खटका, पडते. येथे संशय बोअरवर नव्हे, विजेवर घ्यावा. ज्या दिवशी भागात महापालिकेचे पाणी येते त्या दिवशी गल्लीतील प्रत्येक घर हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवत असते, आणि पूर्व भागात तर यंत्रमाग आणि घरे एकाच गल्लीत नांदतात. अशा वेळी 230 व्होल्टचे 180 झालेले मी मीटरवर वाचले आहे. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे 180 व्होल्टला तो 61 टक्क्यांवर येतो. अडीचशे फूट पाण्याचा स्तंभ डोक्यावर घेऊन उठणाऱ्या मोटारीने तेवढ्या जोरात उठावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

व्होल्टेज मोजायचे ते मोटार चालू असताना आणि पॅनेलच्या आत. पंप बंद असताना मीटर 225 दाखवतो, मिस्त्री 'लाइट फुल आहे' म्हणून निघून जातो आणि खरा दोष तसाच राहतो. अनेकदा तूट महावितरणच्या तारेत नसून आपल्याच केबलमध्ये असते. मीटरपासून बोअरमधल्या मोटारीपर्यंतचे अंतर 100 मीटर असेल आणि तेथे दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकलेली असेल, तर सात अँपियरला सुमारे 17 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. पंप उचलताना प्रवाह त्याच्या कित्येक पट असतो, तेव्हाची तूट तर विचारूच नये. चार चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये तीच तूट साडेसहा व्होल्टच्या आसपास राहते. बंगला बांधताना लाखो रुपयांच्या फरशीची निवड महिनाभर चालते आणि केबल मात्र ठेकेदार जी आणेल ती.

एकाच वेळी आपल्या घरातले दिवे मंद आणि शेजाऱ्याचे लख्ख होत असतील, तर खांबावरचे किंवा मीटरजवळचे न्यूट्रल सैल झाल्याची ती खूण आहे. ते मोटारीपुरते राहत नाही, फ्रिज आणि टीव्हीही त्यात जातात. अशा वेळी पंपाचा मिस्त्री नव्हे, महावितरणचा 1912 हा तक्रार क्रमांक. थ्री फेज पंप असलेल्या सोसायट्यांत तीनपैकी एक फेज गेला की सिंगल फेज प्रिव्हेंटर हे संरक्षक उपकरण पंप थांबवतो आणि फेज परत आला की पंप पुन्हा चालतो. पहारेकऱ्याला वाटते पंपाची लहर.

व्होल्टेज ठीक असूनही मोटार घूं करून थांबत असेल तर पुढची पाळी कपॅसिटरची, म्हणजे मिस्त्री लोकांच्या कंडेन्सरची. सिंगल फेज मोटारीला उचलायला जोर देतो तो हाच. तो उष्णतेने झिजतो. सोलापुरात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि पत्र्याचे पॅनेल आपण हौसेने पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हाच्या तोंडी लावतो. कपॅसिटर एकदम न जाता हळूहळू क्षमता गमावतो, म्हणून पहाटे पंप उचलतो आणि दुपारी उचलत नाही. बदली कपॅसिटर मोटारीच्या पाटीवर किंवा कागदावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच असावा. 'थोडा मोठा टाकतो, जोरात उचलेल' हे ऐकू नये. वीज बंद केल्यावरही त्यात काही काळ भार शिल्लक राहतो, त्यामुळे घरच्यांनी त्याला हात लावण्याचे धाडस करू नये.

ज्या बंद पडण्याला ना वेळ आहे ना मुदत, आणि पॅनेलवर थाप मारली की पंप चालू होतो, त्याचा उगम बहुधा त्या पॅनेलमध्येच असतो. शेळगीच्या बाजूला एका घरी दोनदा मोटार वर काढून झाल्यानंतर मी पॅनेलचे झाकण उघडायला सांगितले. केबल आत येण्याच्या भोकातून मुंग्यांची रांग थेट कॉन्टॅक्टरपर्यंत, म्हणजे मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचपर्यंत गेली होती. त्याच्या दोन टोकांमध्ये चिरडून, करपून त्यांचा काळा लगदा झाला होता, वरच्या बाजूला कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते आणि एका स्क्रूखालची तार बोटाने हलत होती. टोके साफ करून स्क्रू आवळले, बिघडलेला कॉन्टॅक्टर पुढे बदलला आणि भोके पुट्टीने बुजवली. हे सगळे मुख्य स्विच बंद करून, जाणत्या वायरमनकडून करून घ्यायचे काम आहे; पण करून घ्यायचे ते मोटार वर काढण्याच्या आधी.

आपोआप चालू-बंद होणारे कंट्रोलर ज्यांच्याकडे आहेत त्यांनी टाकीतले सेन्सर पाहावेत. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर; गिझर आणि नळाच्या जाळ्या ज्याने पांढऱ्या होतात तोच थर सेन्सरच्या टोकांवर बसतो आणि टाकी रिकामी असताना ती भरली असल्याचा निरोप देतो. पंप थांबतो, आणि दोष मोटारीला लागतो. टोके लिंबाच्या रसाने पुसली तरी काम होते.

कधी मोटार सुरळीत चालते, काटा नेहमीच्याच जागी स्थिर असतो, आणि टाकीत मात्र पाणी येते-न येते. हे पाणी कुठेतरी जात असते. रात्री आजूबाजूला शांतता असताना केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या मोठ्या पाइपाच्या तोंडाशी कान लावावा. आत धार कोसळल्याचा आवाज आला तर पाइप फुटला आहे किंवा त्याचा सांधा सुटला आहे, आणि उपसलेले पाणी बोअरमध्येच परत पडते आहे. पंप बंद केल्यावर पाइपातले पाणी खाली घसरत असेल, आणि दुसऱ्या दिवशी पाणी वर यायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागत असेल, तर पाणी मागे फिरू न देणारा, पंपाच्या डोक्यावरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे. या दोन प्रसंगी मोटार वर काढावीच लागते, त्याला इलाज नाही; पण आपण काय दुरुस्त करायला ती काढतो आहोत हे आधी ठाऊक असते, आणि वायंडिंगचे पैसे वाचतात.

जुन्या पेठांतील काही वाड्यांत अजून आड आणि विहिरी वापरात आहेत आणि त्यांवर काठाला ठेवलेले मोनोब्लॉक पंप आहेत. त्यांचे शास्त्र निराळे. असा पंप पाणी खालून ढकलत नाही, वरून ओढतो, आणि ओढण्याला निसर्गाची मर्यादा आहे : तत्त्वतः दहा मीटर, व्यवहारात सहा-सात. फाल्गुनानंतर विहिरीची पातळी पंपापासून वीस-बावीस फुटांच्या खाली गेली की तो पंप हवा धरू लागतो, पाणी सोडतो, पुन्हा पाणी भरले की थोडा वेळ चालतो. सक्शन पाइपाच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा आणि सक्शन पाइपाचा हवा ओढणारा सांधा ही त्याची आणखी दोन कारणे. ती दूर करूनही उन्हाळ्यातच त्रास होत असेल, तर मोठा पंप आणून काही होणार नाही. पंप पायऱ्यांवर किंवा कट्ट्यावर खाली उतरवावा, नाहीतर विहिरीत बुडणारा ओपनवेल सबमर्सिबल घ्यावा.

सुरक्षिततेविषयी एकच गोष्ट, पण ती गंभीर आहे. पंप चालू केला की आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका, पडते, विशेषतः पावसानंतर किंवा बोअरमधील पातळी वाढल्यानंतर, याचा अर्थ केबलचा सांधा किंवा मोटारीचे वायंडिंग पाण्याला वीज देते आहे. मेगर हे मापक लावून केबल आणि मोटारीचा इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे वीज बाहेर गळू न देणारा विरोध, पाहावा. तो एक मेगोहमच्याही खाली उतरला असेल तर मोटार वर काढण्याला पर्याय नाही. त्याऐवजी 'आरसीसीबी नाजूक आहे' म्हणून ती बाजूला काढून थेट जोडणी देणारे महाभाग या शहरात आहेत. त्या घरात ओल्या पायांनी नळ सोडणाऱ्या बाईच्या जिवाशी तो खेळ आहे आणि त्याला दुरुस्ती म्हणणे मला मान्य नाही.

मिस्त्रींवर सरसकट ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. मोटार वर काढल्याशिवाय आपण लोक मजुरी देत नाही. पॅनेलमधला स्क्रू आवळून पंप चालू करणाऱ्या कारागिराला 'एवढ्याचे पैसे कसले?' असे विचारणारे ग्राहकही आपणच. शोधण्याचे पैसे मिळत नाहीत म्हणून शोध होत नाही. भेटीचा आणि तपासणीचा दर ठरवून तो आनंदाने द्यावा, आणि त्याच्या बदल्यात चालू मोटारीचे व्होल्टेज, अँपियर आणि मेगरचे वाचन कागदावर लिहून मागावे.

दुसरी मागणी बोअर घेणाऱ्या व्यावसायिकांकडे आहे. गाडी येते, रात्रभर धूळ आणि आवाज होतो, सकाळी फुटांचा हिशेब होऊन गाडी निघून जाते आणि घरमालकाजवळ उरतो तो फक्त एकूण फुटांचा आकडा. बोअर किती इंची, केसिंग किती फुटांपर्यंत, पाणी कोणत्या कोणत्या खोलीवर आणि अंदाजे किती लागले, ही माहिती छेद घेताना त्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि ती परत कधीही स्वस्तात मिळत नाही. ती लिहून दिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. पुढे मोटार किती फुटांवर सोडली, केबल किती चौरस मिलिमीटरची, कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आणि भरल्या बोअरवर नेहमीचे अँपियर किती, हे त्याच कागदावर मिस्त्रीने लिहावे आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पॅनेलच्या झाकणाला आतून चिकटवावा. महापालिकेचे स्वतःचे बोअर आणि हातपंपही शहरभर आहेत. निदान त्यांच्यावर तरी ही नोंद उघड्यावर, पाटीवर रंगवलेली असावी.

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री विद्यार्थ्यांना मार्चमध्ये एखाद्या प्रभागात पाठवून सोसायट्यांच्या पॅनेलची अशी तपासणी शिक्षकांच्या देखरेखीखाली करून घेता येईल. मुलांना खरे पॅनेल हाताळायला मिळेल आणि सोसायट्यांना वाचने. जुळे सोलापुरातील आमच्या भागातील सोसायट्या त्यासाठी आपली पॅनेल उघडून द्यायला तयार आहेत. संस्थेने आणि प्रभागाच्या नगरसेवकांनी तारीख कळवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक
जुळे सोलापूर, सोलापूर